पेटीची किल्ली कुणाकडे?

जेम्स वॉटने १७६९ साली जे पेटंट घेतलं, त्याच्या नावात 'नवं इंजिन' असं कुठेही म्हटलेलं नाही. त्या लांबलचक नावाचा मराठीत अर्थ साधारण असा होतो: अग्नियंत्रांमध्ये वाफ आणि इंधन कमी खर्च व्हावं यासाठी नव्याने शोधलेली रीत. शाळेत आपण वॉटला वाफेच्या इंजिनाचा जनक म्हणून पाठ केलेलं असतं. सोबत किटलीच्या झाकणाची गोष्टही असते. पण वाफेवर चालणारे पंप वॉटच्या जन्माआधीपासून इंग्लंडच्या खाणींमधून पाणी उपसत होते. थॉमस न्यूकमेनचं इंजिन १७१२ सालचं. वॉटने केलं ते वेगळंच काम होतं. त्याने कोळशाचं बिल कमी केलं.

आजच्या भाषेत सांगायचं तर औद्योगिक क्रांतीचं सर्वांत प्रसिद्ध यंत्र हे 'एनर्जी एफिशियन्सी'चं प्रॉडक्ट होतं. 'कार्बन उत्सर्जन कमी करा, ऊर्जा वाचवा' हे कंपन्यांच्या वार्षिक अहवालातलं वाक्य आपल्याला एकविसाव्या शतकातलं वाटतं. त्यातलं 'ऊर्जा वाचवा' हे अर्ध अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे. ते अर्ध खरं झाल्यावर काय घडलं, हे कळलं तर उरलेल्या अर्ध्याबद्दल जरा नीट बोलता येईल. म्हणून हा खटाटोप.

तवा आणि भाकरी

न्यूकमेनचं इंजिन चालायचं असं: मोठ्या सिलिंडरमध्ये वाफ भरायची. मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. दट्ट्या खाली गेला की वरच्या तुळईचं दुसरं टोक उचललं जातं आणि पंप पाणी खेचतो. मग पुन्हा वाफ.

यात गोम अशी की दर फेरीला तो अवाढव्य सिलिंडर थंड व्हायचा आणि पुढच्या फेरीला निम्मी-अधिक वाफ तो तापवण्यातच जायची. प्रत्येक भाकरी झाली की तवा नळाखाली धरायचा आणि पुढच्या भाकरीसाठी पुन्हा तापवायचा, असाच हा प्रकार. वॉटने वाफ थंड करायला वेगळं भांडं दिलं. तवा तापलेलाच राहिला.

फरक किती पडला? त्या काळचे इंजिनिअर इंजिनाचं काम एका फार सोप्या मापाने मोजायचे. त्याला ते 'ड्यूटी' म्हणत. एक बुशेल, म्हणजे साधारण चाळीस किलो कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट वर चढलं, एवढाच हिशोब. जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरने न्यूकॅसलच्या आसपासची इंजिनं मोजली तेव्हा सरासरी ५०-६० लाख आली. वॉटची इंजिनं २ कोटींच्या आसपास गेली. कोळशातली जेवढी उष्णता न्यूकमेनच्या इंजिनात कामी यायची, ती शंभरात जेमतेम अर्धा ते एक भाग होती. उरलेले नव्याण्णव धुराड्यातून आणि गरम पाण्यातून जात.

आता प्रश्न असा, की साठ वर्षं कुणालाच हे खटकलं कसं नाही? कारण बहुतेक इंजिनं कोळशाच्या खाणींवरच होती. तिथे विकला न जाणारा कोळशाचा चुरा ढिगाने पडलेला असायचा. फुकट इंधनाची बचत कोण करतो? ज्यांना खटकलं ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला होते, कॉर्नवॉलमध्ये. तिथे तांब्याच्या आणि कथिलाच्या खोल खाणी होत्या, त्या पाण्याने भरत होत्या आणि कोळसा अजिबात नव्हता. तो वेल्समधून जहाजाने यायचा. वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी १७७७ पासून आपलं बस्तान बसवलं ते इथेच.

बचतीतला तिसरा हिस्सा

बोल्टन आणि वॉट इंजिन विकत नव्हते, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आवडलं. खाणवाल्याने सुटे भाग स्वतःच्या पैशाने घ्यायचे, उभारणी स्वतःच्या खर्चाने करायची. बोल्टन आणि वॉट नकाशे देणार, देखरेखीला माणूस देणार, काही महत्त्वाचे भाग पुरवणार. आणि मोबदला? न्यूकमेनच्या इंजिनाला तेवढ्याच कामासाठी जो कोळसा लागला असता, त्याच्या तुलनेत जेवढा वाचला, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश. वाचलं तर द्या, नाही वाचलं तर नका देऊ. सबस्क्रिप्शनचं मॉडेल म्हणा हवं तर.

पण मग बचत मोजायची कशी? इंजिनाच्या तुळईवर त्यांनी एक गणकयंत्र बसवलं. तुळई वरखाली झाली की आकडा एकाने पुढे. किती फेऱ्या झाल्या यावरून किती पाणी उपसलं ते कळणार, आणि त्यावरून बिल. हे गणकयंत्र कुलूपबंद पेटीत असायचं. पेटीची किल्ली बोल्टन-वॉटच्या माणसाकडे.

इथे दोन भांडणं उभी राहिली आणि ती आजतागायत मिटलेली नाहीत.

पहिलं: बचत कशाच्या तुलनेत? खाणवाला म्हणणार, 'जुनं इंजिन तर केव्हाच गेलं, मी कल्पनेतल्या कोळशाचे पैसे दर महिन्याला का भरू?' पुढे वॉटची इंजिनं कापडाच्या गिरण्यांमध्ये चाकं फिरवू लागली. त्या नव्या गिरण्यांनी न्यूकमेनचं इंजिन कधी वापरलेलंच नव्हतं. त्यांची बचत काढायची कशावरून? म्हणून वॉटने मोजमाप बदललं आणि घोड्याशी तुलना केली. एका अश्वशक्तीमागे वर्षाला ५ पौंड, लंडनमध्ये ६. आपण आजही मोटरवर 'एचपी' वाचतो, ते माप एका बिलिंगच्या अडचणीतून रूढ झालं. कार्बन क्रेडिटच्या बाजारात आज 'बेसलाइन' या शब्दावरून जे वाद होतात, त्यांचा हा खापरपणजोबा.

दुसरं: किल्ली एकाच पक्षाकडे का? वॉटच्या पेटंटची मुदत पार्लमेंटने खास कायदा करून १८०० पर्यंत वाढवून दिली होती. तोवर कॉर्नवॉलमध्ये दुसऱ्या कुणी सुधारणा केली की कोर्टाची पायरी ठरलेली. १७९०च्या दशकात एडवर्ड बुल आणि हॉर्नब्लोअर यांच्याशी चाललेले खटले अखेर बोल्टन-वॉट जिंकले. खाणवाल्यांच्या मनात मात्र अढी बसली ती बसलीच.

लीनचा मासिक तक्ता

१८०० साली पेटंट संपलं. आता सगळे मोकळे. मग इंजिनं झपाट्याने सुधारली असतील, असं वाटतं ना? झालं उलटं. बोल्टन-वॉटची माणसं कॉर्नवॉलमधून गेली, देखरेख संपली, आणि पुढची दहा वर्षं इंजिनांची कामगिरी घसरत राहिली. मोजणारं कुणी नव्हतं, त्यामुळे घसरल्याचंही कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

१८११ साली काही खाणमालकांनी जोएल लीन या अनुभवी खाण-कप्तानाला काम दिलं. त्याने दर महिन्याला प्रत्येक इंजिनाची ड्यूटी मोजायची आणि सगळ्यांची एकत्र यादी छापायची. 'लीन्स इंजिन रिपोर्टर' या नावाने ती यादी ओळखली जाते. खाणीचं नाव, सिलिंडरचा व्यास, पंपावरचा भार, फेऱ्या, जळालेला कोळसा, ड्यूटी आणि इंजिनिअरचं नाव. सगळं उघड. कुणाचं इंजिन पहिलं आणि कुणाचं शेवटून दुसरं, हे अख्ख्या जिल्ह्याला कळणार. लीन पुढच्याच वर्षी गेला. त्याच्या मुलांनी आणि नंतरच्यांनी हे काम चालू ठेवलं. हा तक्ता १९०४ पर्यंत निघत होता.

सॉफ्टवेअरवाल्यांना यात काय दिसतं ते वेगळं सांगायला नको. लीडरबोर्ड आहे, बेंचमार्क आहे आणि 'ओपन सोर्स'ही आहे. कारण या काळात कॉर्नवॉलमधल्या इंजिनिअरांनी पेटंटच्या वाटेला जाणं जवळपास सोडून दिलं. रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८१२ साली व्हील प्रॉस्पर खाणीवर जास्त दाबाची वाफ वापरणारं इंजिन उभं केलं आणि त्याचं पेटंट घेतलंच नाही. सॅम्युअल ग्रोझ नावाच्या इंजिनिअरने १८२०च्या दशकात व्हील टोवान खाणीवर सिलिंडर आणि नळ्यांना उष्णतारोधक वेष्टण घातलं. आकडा वर गेला, तक्त्यात दिसला आणि बाकीच्यांनीही आपापल्या नळ्या गुंडाळल्या. यात एकही थोर शोध नाही. झडप जरा लवकर बंद करा, बॉयलरचा आकार बदला, गळती बुजवा. अशी शंभर छोटी कामं आणि त्यांचा दर महिन्याला जाहीर निकाल.

लीनने मोजायला सुरुवात केली तेव्हा सरासरी ड्यूटी दीड कोटींच्या जरा वर होती. १८४०च्या दशकात ती साडेपाच-सहा कोटींच्या घरात गेली. १८३५ साली फोवी कॉन्सोल्स खाणीवरच्या इंजिनाने चोवीस तासांच्या खास चाचणीत साडेबारा कोटी नोंदवले. चाचणीतला आकडा आणि रोजचा आकडा यांत फरक असतो, हे तेव्हाही लोकांना ठाऊक होतं. फोनच्या डब्यावरचं बॅटरी बॅकअप वाचताना आपल्यालाही ठाऊक असतं. पण रोजचा आकडाही तीस वर्षांत तिपटीहून जास्त सुधारला, हे काही थोडं नव्हे.

आणखी एक गंमत. या सगळ्यांना आपण नेमकं काय करतोय याचं शास्त्र माहीत नव्हतं. सादी कार्नोचं उष्णतेच्या शक्तीवरचं छोटं पुस्तक आलं १८२४ साली. त्यात वॉट, वूल्फ, ट्रेव्हिथिक या मंडळींना तो वाफेच्या इंजिनाचे खरे कर्ते म्हणतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'कार्नो सायकल'ची आकृती मी पाठ करून काढली होती. त्या चार रेषांमागे गळक्या नळ्यांना वेष्टण घालणाऱ्या माणसांची पिढी आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर विषय बरा वाटला असता.

एकोणतीस वर्षांच्या माणसाने घातलेला मोडता

इथवरची गोष्ट यशाची आहे. मोजा, जाहीर करा, सुधारा. मग १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या २९ वर्षांच्या अर्थतज्ज्ञाने 'द कोल क्वेश्चन' हे पुस्तक लिहिलं आणि एक अवघड सवाल टाकला. इंजिनं एवढी काटकसरी झाली, तर मग देशाचा कोळशाचा खप वाढतोय कसा?

त्याचं उत्तर असं: काटकसर झाली म्हणूनच वाढतोय. त्याने स्कॉटलंडच्या लोखंडाचं उदाहरण दिलं. भट्टीत गरम हवा सोडायची युक्ती जेम्स नीलसनने १८२८ साली काढली. एक टन लोखंडामागे लागणारा कोळसा एक तृतीयांशाहूनही खाली आला. लोखंड स्वस्त झालं. स्वस्त झालं म्हणून रूळ, पूल, जहाजं, यंत्रं सगळ्याला लोखंड परवडू लागलं. १८३० ते १८६३ या काळात स्कॉटलंडमध्ये लोखंडासाठी जाळलेला एकूण कोळसा दसपट झाला.

कॉर्नवॉलच्या पंपाची गोष्टही तीच. न्यूकमेनचं इंजिन इतकं खादाड होतं की ते कोळशाच्या खाणीशेजारीच परवडायचं. काटकसर वाढत गेली तसतसं इंजिन खाणीतून बाहेर पडलं, गिरणीत गेलं, रुळावर चढलं, बोटीत बसलं. दर कामामागचा कोळसा घटत गेला आणि कामं त्याहून वेगाने वाढत गेली. जेव्हन्सने लिहिलं तेव्हा ब्रिटनमधून वर्षाला साधारण दहा कोटी टन कोळसा निघत होता. १९१३ साली २८.७ कोटी टन निघाला.

जेव्हन्सला हवामानबदलाची फिकीर नव्हती. ब्रिटनचा कोळसा महाग होईल आणि साम्राज्याची सद्दी संपेल, ही त्याची काळजी. पण त्याचा प्रश्न आपल्या बोकांडी बसलेला आहे. कंपनी म्हणते, 'दर वस्तूमागे आम्ही ऊर्जा कमी केली.' वातावरणाला वस्तूंची संख्या कळत नाही. त्याला एकूण धूर कळतो.

कोळसा नसलेलं दुसरं शहर

कॉर्नवॉलसारखंच कोळसा नसलेलं, पण यंत्रांवर जगणारं आणखी एक ठिकाण आपल्या अगदी जवळ होतं. मुंबई. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. त्यानंतर अर्ध्या शतकात गिरणगाव उभं राहिलं, ते बाहेरून आणलेल्या कोळशावर. धुराचा त्रास एवढा झाला की १९१२ साली मुंबई सरकारला धुराविरुद्ध कायदा करावा लागला.

पर्याय सह्याद्रीत होता. घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि कोकण पाचशे मीटर खाली आहे. ते पाणी नळांतून खाली सोडून वीज करायची कल्पना जमशेटजी टाटांनी धरली. ते १९०४ साली गेले. कंपनी उभी राहिली १९१० मध्ये, आणि १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. मग १९२२ला भिवपुरी, १९२७ला भिरा. गिरण्यांच्या मालकांनी वाफेची इंजिनं सोडून विजेच्या मोटरी बसवल्या, त्यात पर्यावरणाचा विचार नव्हता. हिशोब होता. तरीही एका उद्योगाने कोळसा जाळणं कमी करून पाण्याच्या विजेवर जाण्याचं हे भारतातलं फार मोठं आणि फार जुनं उदाहरण आहे. इथे फक्त काटकसर झाली नाही, इंधनच बदललं. जेव्हन्सच्या पेचातून सुटायची ही एक वाट.

पण तिचाही हिशोब पूर्ण मांडायला हवा. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण हवं होतं, आणि मुळशी पेट्यातली भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले, आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी या सत्याग्रहाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. लढा मोडला, धरण झालं, गावं उठली.

आज कुठलाही सल्लागार या प्रकल्पाला उत्सर्जनाच्या रकान्यात जवळपास शून्य देईल. तो शून्य खोटा नाही. पण त्या तक्त्यात भातखाचराचा रकाना नव्हता. बोल्टन-वॉटच्या पेटीत काय मोजलं जातं हे किल्लीवाला ठरवायचा. मुळशीतही काय मोजायचं हे ज्याचं गेलं त्याने ठरवलं नाही.

बल्ब आणि भट्टी

जेव्हन्स वाचून काही जण एकदम निराश होतात, की मग बचत करायचीच कशाला? तेही बरोबर नाही. आपल्याकडची दोन अलीकडची उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

एक, उजाला योजना. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारी कंपनी ईईएसएलने इतक्या प्रचंड संख्येने बल्ब मागवले की तिला पडणारी एका बल्बची किंमत २०१४च्या ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत चाळीस रुपयांच्या खाली आली. सुरुवातीला कित्येक ठिकाणी ग्राहकाने दहा रुपये भरायचे आणि उरलेले पैसे वीजबिलातून हप्त्याने जायचे. बचतीतून वसुली. वॉट असता तर खूश झाला असता.

इथे जेव्हन्सचं भाकीत किती लागू पडतं? फारसं नाही. साठ वॅटचा बल्ब जाऊन नऊ वॅटचा आला म्हणून कुणी स्वयंपाकघरात सात बल्ब लावत नाही. उजेडाची भूक भागते. आणि ज्या घरात आधी एकच मिणमिणता दिवा होता, तिथे आता दोन खोल्यांत उजेड असेल, तर ते वाढलेले युनिट मला तरी वाया गेलेले वाटत नाहीत.

दोन, मोठे कारखाने. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा, ऊर्जा दक्षता ब्यूरो २००२चा. ब्यूरोने २०१२ साली 'पॅट' ही योजना आणली. पहिल्या फेरीत सिमेंट, पोलाद, खत, औष्णिक वीज अशा आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना लक्ष्य दिलं: दर टन मालामागची ऊर्जा अमुक टक्के कमी करा. जास्त केली तर प्रमाणपत्रं मिळतील, ती विका. कमी पडलात तर विकत घ्या. मोजणी कारखान्याने स्वतःपुरती ठेवायची नाही, ब्यूरोने मान्यता दिलेल्या बाहेरच्या लेखापरीक्षकाने करायची. पेटीची किल्ली तिसऱ्याच्या हातात. २०१५ला ही फेरी संपली तेव्हा बचत लक्ष्यापेक्षा जास्त निघाली: ८६.७ लाख टन तेलाइतकी ऊर्जा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात सुमारे ३.१ कोटी टन.

हे यश आहेच. फक्त 'दर टन मालामागे' हे शब्द विसरायचे नाहीत. सिमेंटचे टन वाढत गेले तर एकूण धूर वाढू शकतो. ज्या देशाला अजून घरं, पूल, शाळा बांधायच्या आहेत तिथे ते काही वर्षं वाढणारच. पण मग अहवालात 'तीव्रता घटली' असं लिहावं, 'उत्सर्जन घटलं' असं लिहू नये. ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

आमच्या धंद्याचा धूर

आता माझ्या धंद्याकडे येते. डेटा सेंटरमध्ये एक आकडा फार मिरवला जातो: पीयूई. केंद्राने घेतलेली एकूण वीज भागिले प्रत्यक्ष सर्व्हरना मिळालेली वीज. २००७ पासून हे माप रूढ झालं. २.० म्हणजे जेवढी वीज सर्व्हरना, तेवढीच एसी आणि बाकी गोष्टींना. आज सर्वांत मोठ्या कंपन्या १.१च्या आसपास आहेत. ही आमची ड्यूटी.

आणि काही वर्षं तिने कमाल केली. २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरमधलं संगणनाचं काम साडेसहा पट झालं आणि विजेचा खप वाढला फक्त सहा टक्क्यांच्या आसपास. 'सायन्स' नियतकालिकात २०२० साली हा अभ्यास आला तेव्हा वाटलं, जेव्हन्स हरला. मग एआय आलं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ साली डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून पुढे, ९४५ अब्जांच्या आसपास जाईल असं ती म्हणते. जानेवारी २०२५ मध्ये स्वस्तात तयार झालेल्या एका चिनी मॉडेलने खळबळ उडवली, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी जेव्हन्सचंच नाव घेतलं: एआय स्वस्त झालं की त्याचा वापर भडकेल. फरक एवढाच, की जेव्हन्सला त्याची धास्ती होती आणि बाजाराला ती खूशखबर वाटली. संगणनाची भूक बल्बसारखी भागत नाही. ती वाफेच्या जातकुळीची आहे.

मागच्या वर्षी आमच्या कंपनीत क्लाउडचा खर्च आणि कार्बन कमी करायचं काम माझ्या टीमकडे आलं. आम्ही केलं ते सगळं लीनच्या तक्त्याच्या पठडीतलं: रात्री आणि शनिवार-रविवारी टेस्टिंगचे सर्व्हर बंद, मोठ्या मशिनी सोडून लहान, दर तासाला चालणारी कामं दिवसातून दोनदा. झडप जरा लवकर बंद करा, गळती बुजवा. बिल चांगलंच खाली आलं. पुढच्या तिमाहीत वाचलेल्या बजेटमधून एआयवरचं एक नवं फीचर मंजूर झालं आणि एकूण वापर आधीपेक्षा वर गेला. कुणी लबाडी केली नाही. बचत झाली होती, आणि बचतीचं जे होतं तेच तिचं झालं.

मला खरं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. क्लाउड पुरवणाऱ्याने दिलेल्या डॅशबोर्डवर आमचं उत्सर्जन जवळपास शून्य दिसत होतं. आमचे सर्व्हर मुंबईत. भारतात ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली बहुतांश वीज अजून कोळशाची. मग शून्य कसं? उत्तर नियमांतच आहे. २०१५ पासून विजेचं उत्सर्जन दोन रीतींनी मांडता येतं. एक, वीज जिथे वापरली तिथल्या ग्रिडप्रमाणे. दुसरी, कंपनीने जी हरित वीज किंवा प्रमाणपत्रं विकत घेतली त्याप्रमाणे. राजस्थानातल्या सौर प्रकल्पाचं प्रमाणपत्र घेतलं की मुंबईतल्या रात्री दोनच्या युनिटवर शून्य लिहिता येतं. हे नियमबाह्य नाही, आणि त्या प्रमाणपत्रांमुळे सौर प्रकल्पांना पैसा मिळतो हेही खरं. पण आमच्याकडे युनिटचा आकडा नव्हता, फक्त शेवटचं उत्तर होतं. पेटी त्यांची, किल्ली त्यांची, आणि या वेळी गणकयंत्र बिल वाढवण्याऐवजी समाधान वाढवत होतं.

आम्ही शेवटी सर्व्हरच्या वापरावरून विजेचा अंदाज काढला, त्याला ग्रिडच्या आकड्याने गुणलं आणि अहवालात दोन्ही ओळी लिहिल्या. एक शून्याच्या जवळची, एक नसलेली. बैठकीत पहिला प्रश्न आला, 'यातला खरा कुठला?' मी म्हटलं, दोन्ही खरे आहेत, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. दोन्ही ओळी अहवालात राहिल्या.

तीन प्रश्न

भारतात शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून 'सेबी'च्या नमुन्यात ऊर्जा आणि उत्सर्जनाची माहिती द्यावी लागते. कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना २०२३ साली अधिसूचित झाली. म्हणजे लीनचा तक्ता आपल्याकडे नव्याने छापला जाऊ लागलाय. हे अहवाल कुणालाही डाउनलोड करता येतात. तुम्ही जिथे नोकरी करता किंवा जिथे इंटरव्ह्यू द्यायला निघालात, त्या कंपनीचा फोनवरच उघडून बघा. वाचताना मी तीन गोष्टी शोधते.

घट दर वस्तूमागे आहे की एकूण? तुलना कुठल्या वर्षाशी आहे, आणि ते वर्ष कुणी निवडलं? मोजलं कुणी?

या तिन्हींची उत्तरं चांगली मिळाली तरी काम संपत नाही. वाचलेला कोळसा जमिनीतच राहायचा असेल तर कुठेतरी एकूण धुरावर मर्यादा लागते, किंवा धुराला किंमत लागते, किंवा खोपोलीसारखं इंधनच बदलावं लागतं, आणि ते बदलताना मुळशीचा रकाना कोरा सोडून चालत नाही. यातलं एकही काम इंजिनिअर एकटा करू शकत नाही. पण मोजून उघड छापणं तो करू शकतो. कॉर्नवॉलमध्ये ते जवळजवळ शंभर वर्षं दर महिन्याला होत होतं, तेही संगणकाशिवाय.